टेबलावर जेवायला मनाई

जगदीशला मॅनेजरची खुर्ची मिळाली आणि त्याच्या अंगात शिस्त संचारली. नरडाण्याच्या एमआयडीसीतल्या एका पाइप कारखान्याचं ऑफिस ते. उंदरांनी बिलांची फाइल कुरतडली, एवढं निमित्त त्याला पुरलं. दुसऱ्याच दिवशी भिंतीवर कागद लागला: टेबलावर जेवायला मनाई, सगळ्यांनी मागच्या खोलीत एकत्र बसावं.

माणूस वाईट नव्हता हो. उलट डब्यातली शेवभाजी एकट्याने संपवणारा माणूस त्याला कोरडा वाटायचा. मागच्या खोलीत सतरंजी आली, ह्याचा हात त्याच्या डब्यात, त्याचा ह्याच्या डब्यात. जगदीशची छाती फुगली.

फक्त छगननाना यायचे नाहीत. नाना स्टोअरचे जुने कारकून. जगदीश नवखा होता तेव्हा त्याला चलन लिहायला शिकवलं ते त्यांनीच. तंबाखूपायी नानांच्या तोंडाचं ऑपरेशन झालं, लांबलचक रजा झाली, मग परत आले. बोलणं जरा बोबडं, बाकी ठणठणीत, असं सगळ्यांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. आल्यापासून ते टेबल भिंतीकडे वळवून जेवायचे. नियम लागला तसे म्हणाले, "मना उपास शे."

रोज कसला उपास? जगदीशच्या डोक्यात तिडीक गेली. काल शिकवलेला पोरगा आज साहेब झाला, तेच नानांना खुपतंय, अशी त्याने खूणगाठ बांधली. एवढ्या वर्षांची ओळख, पण जवळ जाऊन विचारायला त्याची जीभ वळली नाही.

हिवाळ्यात भरताची वांगी आली. जगदीशने ऑफिसात भरीत-पुरीचा बेत केला आणि नानांना हाताला धरून सतरंजीवर बसवलं.

"नाना, आज माझ्या हातचा एक घास!"

टाळ्या पडल्या. आपल्याकडे घास भरवल्याशिवाय प्रेम कुणाला पटतच नाही. नाना मान हलवत राहिले. जगदीशला वाटलं, लाजताहेत. त्याने घास ओठांवर टेकवला आणि आणखी दाबला.

तोंड उघडलंच नाही. जबडा बोटभरही हलला नाही. हिरव्या मिरचीचं भरीत हनुवटीवरून शर्टावर ओघळलं आणि नानांच्या डोळ्यांतून पाणी आलं. टाळ्या थांबल्या. समोर बसलेली दिपमाला उठून बाहेर गेली. नानांनी रुमालाने शर्ट पुसला आणि जगदीशलाच समजावल्यासारखं म्हणाले, "ऱ्हाऊ दे भाऊ. तुले काय माहीत?"

जगदीश तिच्यामागे बाहेर गेला, तेव्हा दिपमालाने त्याला सांगितलं. तिचं टेबल नानांच्या शेजारी. दुधात कुस्करलेली भाकरी ते चहाच्या चमच्याने ओठांच्या फटीतून आत ढकलायचे. निम्मी बाहेर यायची, म्हणून भिंतीकडे तोंड. नियम लागल्यापासून नाना संध्याकाळी धुळ्याला घरी पोचेपर्यंत उपाशीच असायचे.

जगदीशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हाताने भरवलं त्या हाताकडे त्याला बघवेना. घरी बायकोने, हेमलताने, वाढलेलं ताट त्याने तसंच सारलं. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन त्याने भिंतीवरचा कागद फाडला आणि नाना येताच त्यांच्यापुढे उभा राहिला.

"नाना, चुकलो मी. तुम्ही इथेच जेवा. कोणी इकडे फिरकणार नाही, मी बघतो."

"बरं," नाना म्हणाले.

दुपारी त्याने सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं आणि न जेवता बसून राहिला. बऱ्याच वेळाने बाहेर आला, तर नाना चलन लिहीत होते.

"झालं जेवण, नाना?"

"डबा आते बंदच शे, भाऊ," नाना मान वर न करता म्हणाले. "दुपारले भूकच लागत नही माले."