दशांशरावांची पाण्याची वही

सरोवराकाठच्या हवामान केंद्रातल्या निरीक्षकांना अख्खं गाव दशांशराव म्हणायचं. तोंडावर नाही, पण त्यांना ते माहीत होतं आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. कुणी सहज "आज गारठा आहे बुवा" म्हणालं की हे "सहा पूर्णांक चार" म्हणून मोकळे. चहाचा कप पुढे करताना बायको आधीच बजावायची, "गरम आहे. किती, ते सांगत बसू नका."

एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. सकाळी सातला आवारातल्या पेटीतलं हवेचं तापमान वाचायचं, मग लाकडी धक्क्याच्या टोकापर्यंत दोनशे दहा पावलं चालत जायचं, दोरीला बांधलेला डबा पाण्यात सोडायचा, तीन मिनिटं थांबायचं, डबा वर ओढून आतला तापमापक बघायचा आणि आकडा वहीत लिहायचा. पानगळ संपत आली की या आकड्याला फार मान. उन्हाळाभर तापलेलं पाणी सहजासहजी निवत नाही. त्यावर एखाद्या रात्री थंड हवा उतरली की पाण्यातून वाफा उठतात आणि सरोवराच्या मध्यावर दाट धुकं धरतं. पाणी जितकं ऊबदार, तितकं धुकं दाट. त्यांच्या आकड्यांवरून मुख्य कार्यालय दर शनिवारी आठवड्याचा अंदाज पाठवी आणि दशांशराव तो आपल्या वळणदार अक्षरात धक्क्यावरच्या फळ्यावर लिहून ठेवत.

यंदा पानगळीतच त्यांचा गुडघा सुजला. त्यात धक्क्याच्या फळ्या निसरड्या. एका दिवसाने काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून ते खुर्चीतच बसले. आदल्या दिवशी पाणी चौदा पूर्णांक सहा होतं, त्यांनी आज चौदा पूर्णांक चार लिहिलं. या दिवसांत पाणी निवत जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. मग एक दिवस दोन दशांश कमी, एक दिवस तीन. खोटं लिहितानाही या माणसाचा दशांश काही सुटला नाही! आठवड्यात गुडघा बरा झाला. पण खुर्ची ऊबदार होती, धक्क्यावर वारा बोचरा होता, आणि विचारणारं कुणी नव्हतं. असे तेवीस दिवस गेले.

पाणी मात्र निवलं नव्हतं. यंदा ऊन रेंगाळलं होतं.

तेविसाव्या दिवशी, मंगळवारी, फळ्यावर 'हलकं धुकं, वाहतुकीस अडचण नाही' असं लिहिलेलं असताना सकाळच्या पहिल्या फेरीची लाँच बेटाजवळच्या खडकावर जाऊन आदळली. नऊ प्रवासी होते. एका शिवणकाम करणाऱ्या बाईचं मनगट मोडलं, बाकीचे भिजून, घाबरून परत आले. लाँच चालवत होता दशांशरावांच्या बायकोचा धाकटा भाऊ.

बातमी कळताच दशांशराव धक्क्याच्या टोकाशी गेले. डबा सोडला, तीन मिनिटं थांबले. तेरा पूर्णांक आठ. त्याच सकाळी त्यांनी वहीत आठ पूर्णांक नऊ लिहिलं होतं. जवळजवळ पाच अंशांची चूक, आणि तीही चूक नव्हे, लबाडी.

घरी बायको भावावर तोंडसुख घेत होती. "माझा भाऊ असला म्हणून पाठीशी घालणार नाही मी. तुम्ही फळ्यावर स्पष्ट लिहिलं होतं, हलकं धुकं. हाच झोपला असणार सुकाणूवर!" दशांशराव पाणी प्यायले आणि त्यांनी भरलेलं ताट सरकवलं.

तीन दिवसांनी जलवाहतूक कार्यालयात चौकशी लागली. भिंतीवर सरोवराचा नकाशा, टेबलापलीकडे साहेब, अलीकडे दोन खुर्च्या. एकीवर मेहुणा, दुसरीवर दशांशराव, मांडीवर वही घेऊन. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावलं होतं.

"साहेब, मला माझ्या लाँचचं टोक दिसत नव्हतं," मेहुणा म्हणाला.

"काठावर तर साधा धुरकटपणा होता. आणि प्रवासी आत, काचा वाफाळलेल्या, त्यांना काय दिसणार?" साहेबांनी दशांशरावांकडून वही घेऊन उघडली. "पाणी आठ पूर्णांक नऊ. हवा तीन. एवढ्या फरकात तुम्ही म्हणता तसं धुकं धरत नाही. खोटं तरी नीट बोला. आणि ही वही बघा. एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. माणसाने काम करावं तर असं!"

दशांशरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मेहुण्याने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"वहीत तसं असेल तर तसंच असेल, साहेब."

साहेबांनी परवाना रद्द करायचा कागद पुढे ओढला. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर शेजारीच इस्त्रीचा सदरा घालून बसला होता. निवृत्तीला सात महिने उरले होते. बायकोचा चेहरा डोळ्यांपुढे आला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"थांबा," दशांशराव म्हणाले. "वही खोटी आहे. मी पाणी मोजलंच नाही. बसल्या जागी आकडे लिहिले."

साहेबांनी पेन मागे घेतलं. "किती दिवस?"

"पंधरा... पंधरा-एक दिवस."

पंधरा का म्हणालो, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही. ऐकायला जरा बरं वाटत होतं, एवढंच. साहेबांनी आकडा लिहून घेतला, परवान्याचा कागद बाजूला ठेवला आणि कोरडेपणाने म्हणाले, "तुमचं वर कळवावं लागेल." वही त्यांनी स्वतःकडेच ठेवून घेतली.

बाहेर जिन्याशी मेहुणा थांबला होता. दशांशरावांनी त्याचे हात धरले. "माफ कर रे. तोंड दाखवायला जागा नाही मला."

"मला ठाऊक होतं, भावोजी. सातची फेरी तुमच्या टोकावरूनच जाते. तुम्ही डबा धरून उभे असता, मी हात करतो. इतकी वर्षं."

"अरे, मग त्या दिवशी गेलास कसा?"

"फळ्यावर तुमचं अक्षर होतं. म्हटलं, पाणी मोजायची दुसरी काहीतरी सोय झाली असेल."

"आणि आत गप्प का बसलास?"

"ताईला काय सांगितलं असतं?" मेहुण्याने जाकिटाची बटणं लावली. "म्हटलं, तुमचं तुम्ही सांगाल. सांगितलंत, बरं वाटलं. फक्त पंधरा नव्हे, भावोजी, तेवीस. मी रोज रिकाम्या धक्क्याकडे बघत होतो."

तो जिना उतरून गेला. दशांशराव मागे वळले आणि त्यांनी साहेबांच्या दारावर टकटक केली. आतून "कोण आहे?" असं दोनदा आलं, तरी त्यांच्या तोंडून आकडा फुटेना.