विरोधातला हात

चोरीवरची सभा म्हटली की माणसाला बोलायला सुरुवात कुठून करायची ते बरोबर कळतं, थांबायचं कुठे ते काही कळत नाही. तीच रड, तोच पाढा. रस्त्यावरचे दिवे बंद, पोलिसांची गस्त येत नाही, गेल्या आठवड्यात दोन घरं फुटली. चौकीचे साहेब "बघतो, करतो" म्हणत होते आणि रहिवाशांच्या समितीचे अध्यक्ष, निवृत्त मास्तर, माइक सोडत नव्हते. मागच्या खुर्चीवर इस्त्रीवाली मावशी बसली होती. दिवसभर टपरीत कपडे घेत-देत उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, पण आज घरी पडून चालणार नव्हतं.

कारण तिचा मुलगा. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, तशातली गत. मित्राने चोरलेल्या मोटरसायकलवर मागे बसला आणि दोन वर्षं आत जाऊन आला. परत आल्यापासून टपरी तोच ओढत होता. इस्त्रीही तोच करायचा आणि कपडे घरोघरी पोचवायचाही तोच, कारण मावशीच्या गुडघ्यांनी जिन्याचं नाव केव्हाच टाकलं होतं. आणि आज ठराव येणार होता, की ज्याच्यावर कधी पोलीस केस झाली, त्याला एकाही इमारतीत पाय ठेवू द्यायचा नाही.

नाव कोणी घेतलं नाही. मेले सभ्य लोक ना हे. असा माणूस या भागात एकच येतो-जातो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"कुणा एकाबद्दल नाही हं, मावशी," शेजारची बाई कुजबुजली. "तुमचा पोरगा गुणी आहे. पण नियम तो नियम."

मावशीने नुसती मान हलवली. भांडायलाही अंगात त्राण लागतं.

"ठरावाच्या बाजूने कोण?" मास्तरांनी विचारलं.

भराभर हात वर गेले. बाह्यांवरच्या कडक घड्या मावशीने लांबूनच ओळखल्या. पोराच्याच हातच्या. तिला स्वतःला एवढी सरळ घडी कधी जमली नव्हती.

"विरोधात?"

मावशीने हात उचलला. खांदा धरलेला, हात छातीच्या वर जाईना. मास्तरांची नजर सभागृहावरून फिरली. "कोणी नाही. एकमताने मंजूर."

"माझा आहे की," ती म्हणाली.

"अहो, मग नीट वर करायचा ना."

"एवढाच जातो."

मास्तर गोरेमोरे झाले. साहेबांकडे बघून म्हणाले, "बरं, एक विरोध. तरी ठराव मंजूर."

लोक उठले, खुर्च्या सरकल्या. जाता जाता एकाने विचारलं, "मावशी, माझा निळा शर्ट उद्या मिळेल ना?"

"मिळेल."

मुलगा फाटकाबाहेर उभा होता. आत यायचं त्याने आपणहूनच टाळलं होतं.

"काय ठरलं, आई?"

"उद्यापासून कपडे वर मी नेणार."

तो तिच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आणि इस्त्री?"

"ती तूच कर. ती चालते त्यांना."