मोहोरावर घेतलेला संगणक

बायकोला इस्पितळातून घरी आणलं त्या संध्याकाळी आमच्या संगणकातून एक पुरुष बोलला. "काकू आल्या का?" असं अगदी स्पष्ट बोलला. मी पेजेचं भांडं घेऊन माजघरात चाललो होतो, त्यातली निम्मी पेज माझ्या पायावर सांडली.

तो संगणक आमच्या मुलीचा. ती पुण्याला नोकरीला गेली आणि तो मागे राहिला. बायको हायस्कुलात गणित शिकवायची. निवृत्त झाल्यापासून ती रोज संध्याकाळी कानांवर तो हेडफोन चढवून त्याच्यापुढे बसायची. शिकवण्या घेत असेल, असं मी धरून चाललो होतो. मधूनच ओरडायची, "मागे हो! मागे हो म्हणत्येय ना तुला!" गणितात मागे काय व्हायचं असतं, हे मी कधी विचारलं नाही. मी बागाईतदार माणूस. माझी हापूसची कलमं आणि मी.

तर पावसाळ्यात ती खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, शेवाळावरून घसरली आणि मणक्यावर आपटली. डॉक्टरांनी सांगितलं, उताणं पडून राहायचं, जेवणापुरतंच बसायचं, आणि हे किती महिने चालेल ते आत्ता विचारायचं नाही. मुलीने इस्पितळाचे कागद छापायला संगणक चालू केला होता आणि तसाच ठेवून ती आंघोळीला गेली होती. त्यात हा आवाज.

"कोण रे तू शिंच्या?" मी म्हटलं.

"मी लोटे गावाहून बोलतोय, काका. इथल्या कंपनीत आहे. काकू बऱ्या आहेत ना? त्या आमच्या टोळीच्या म्होरक्या. त्या नाहीत तर रोज गड पडतोय आमचा."

टोळी! म्होरक्या! माझी बायको! जिने आयुष्यात कधी भाजीवाल्याशी घासाघीस केली नाही, ती! मी भांडं खाली ठेवलं आणि खुर्चीवर बसलो. तेवढ्यात माजघरातून, पलंगावरून, तिचा आवाज आला. "अहो, त्यांना सांगा, पूर्वेचा दरवाजा आधी बंद करा. हजारदा सांगितलंय."

काय करणार? मी संगणकाकडे तोंड करून म्हटलं, "ती म्हणत्येय, पूर्वेचा दरवाजा आधी बंद करा."

"तरी मी म्हणत होते!" आता एक बाईमाणूस बोललं. मग पाचसहा जण हसले. आमच्या घरात, आमच्या संगणकात एवढी माणसं राहतात हे मला त्या दिवशी कळलं. मुलगी केस पुसत बाहेर आली तर तिला काहीच नवल नाही. "बाबा, आई गेम खेळते. फार भारी खेळते. तुम्हाला माहीत नव्हतं?" नव्हतं बाई.

मुलगी परत गेली. मग काही दिवस आम्ही तसंच चालवून पाहिलं. लोट्याचा पोरगा विचारायचा, मी पलंगापाशी जाऊन सांगायचो, तिचा हुकूम घेऊन परत संगणकापाशी यायचो. पण माझी ही ये-जा होईपर्यंत शत्रू आत शिरलेला असायचा. शेवटी एकदा ती म्हणाली, "राहू दे. तुम्ही दमाल." आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

त्या 'राहू दे'नंतर घर गप्प झालं. पेपर वाचून दाखवला तर "हं" म्हणायची. मुलीचा फोन आला तर "तूच बोल बाबांशी." एक दिवस माझ्या हातून आमटीत दुप्पट मीठ पडलं. मला घास गिळवेना, आणि ती मुकाट जेवली. आमटीत मीठ जास्त पडलं आणि माझी बायको काही बोलली नाही! तेव्हा मात्र मी घाबरलो. मणका काय, आज ना उद्या सांधेल. पण ही अशी आतून विझत चालली तर तिला कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं?

म्हणून दसऱ्याच्या सुमारास ती मोबाइलकडे बघून हसताना दिसली, तर मला इतका आनंद झाला की मी आधी विचारलंच नाही कशाला हसतेस.

"मी संगणक घेतला," तीच म्हणाली. "हातात धरून खेळायचा. पडल्या पडल्या खेळता येईल असा."

"झकास! कधी येतोय?"

"अजून बनायचाय."

"म्हणजे?"

"म्हणजे परदेशात काही जण तो बनवणार आहेत. लोकांकडून आधी पैसे गोळा करतायत, त्यातून बनवणार आणि ज्यांनी दिले त्यांना पाठवणार. लोकवर्गणी म्हणा."

वर्गणी! वर्गणीतून मंडप होतो, पालखीचं छत होतं, फार तर देवळाला कळस होतो. वर्गणीतून संगणक? "पावती कुठाय?" मी विचारलं. तिने चित्रं दाखवली. चित्रंच नुसती! एका चित्रात एक माणूस गवतावर उताणा पडून तो संगणक खेळत होता, आणि ते गवतसुद्धा खरं नव्हतं.

मग माझी सटकली. आमच्या घरात एक नेम आहे. पौषात व्यापारी येतात, कलमं नुसती मोहोरलेली असतात, आणि म्हणतात, "सौदा करून टाका, आत्ताच पैसे घ्या." अर्धी रत्नागिरी मोहोरावर बाग विकते. आम्ही नाही विकत. माझ्या वडिलांनी विकली नाही, मी विकली नाही. व्यापाऱ्याला चहा पाजतो आणि परत पाठवतो. मोहोराचं काय खरं? मळभ आलं, तुडतुड्याची कीड पडली, की गेला. पेटी उघडा, आंबा हातात घ्या, हुंगा, मग बोला. आणि ह्या घरात माझ्या बायकोने जे झाडावरसुद्धा नाही त्याचे पैसे दिले?

"अगो, तू गणित शिकवलंस ना जन्मभर!" मी ओरडलो. "मोहोरावर माल घेतलास तू! मोहोर तरी डोळ्यांना दिसतो! ह्यांचं तर कलमसुद्धा लावलेलं नाही अजून! बाजारात तयार मिळत नाहीत?"

"मिळतात. मी सगळे बघितले. ते जड आहेत. उताणं पडून तोंडावर धरायचे तर मनगटं गळून पडतील. ह्याचे दोन भाग सुटे होतात. एक ह्या हातात, एक त्या हातात, हात गादीवर. पडदा वेगळा उभा राहतो. असा दुसरं कोणी बनवत नाही."

"हाही कोणी बनवलेला नाही!"

तिने मोबाइल उशाशी ठेवला. मग अगदी शांतपणे, फळ्यावर उत्तर लिहावं तसं, म्हणाली, "मी तुमच्याशी लग्न केलं ते मोहोरावरच केलं. फळाची वाट अजून बघत्येय."

वर्मी लागलं. पण खरं सांगतो, बरंही वाटलं. कितीतरी दिवसांनी ती मला असं बोलली होती.

दिवाळीला येणार होता तो. आला नाही. पत्रं मात्र यायची, आणि तिचा मोबाइल त्यांचं मराठी करून दाखवायचा. ते मराठी वाचून माझं डोकं फिरायचं. 'प्रिय पाठीराख्या, थोडा उशीर आहे.' 'प्रिय पाठीराख्या, बटणे सुंदर झाली आहेत.' पौषात एकदा आलं, 'तुमचे जहाज लवकरच सुटेल.' मी भाबडा, लांज्याहून आलेल्या व्यापाऱ्याला चहा देता देता सांगितलं, बायकोचं जहाज सुटतंय. त्याने माझ्याकडे बघितलं आणि बाग मागायची सोडून दिली. बायकोला हे सांगितलं तर ती इतकी हसली की पाठीत कळ आली. जहाज म्हणजे नुसतं पार्सल म्हणे.

ती पत्र आलं की उजळायची आणि दोन दिवसांनी परत मावळायची. लोट्याचा अधूनमधून फोन करायचा, आता तो मलाच करायचा. "काका, आला का?" नाही रे बाबा. "काकू कशा आहेत?" काय सांगणार. बागेत मोहोराची कणी झाली, कणीची कैरी झाली, आणि आमच्याकडे बटणं सुंदर होत होती.

शिमगा झाला आणि ते पत्र आलं. 'प्रिय पाठीराख्या, आम्हाला दुःख आहे. दोन भाग एकमेकांशी नीट बोलत नाहीत. म्हणून आम्ही ते जोडून टाकले आहेत. संगणक एकसंध आणि थोडा जड झाला आहे. तयार आहे. हवा असेल तर लगेच पाठवू, नको असेल तर पैसे परत.'

मी ते दोनदा वाचलं. ज्यासाठी घेतला, तेच काढून टाकलं! हापूस सांगून रायवळ पाठवतायत आणि वर दुःख आहे म्हणे! आमच्याकडे एखाद्याने असं केलं तर त्याला बाजारात तोंड दाखवायची सोय राहणार नाही. मी चांगला शिव्या घालायच्या बेतात होतो, तर ती म्हणाली, "पैसे परत मागवा. राहू दे."

परत ते 'राहू दे'. आणि परत भिंतीकडे तोंड.

मी, जो सहा महिने त्या संगणकाच्या नावाने बोटं मोडत होतो, मीच ओरडलो, "मुळीच नाही! घ्यायचा! फळ बारीक आलं म्हणून झाड तोडतेस की काय? मागव. जड तर जड. मी बघतो काय करायचं ते."

"तुम्ही काय बघणार?"

मला कुठे ठाऊक होतं? पण बोलून बसलो होतो.

आंबा उतरवण्याच्या ऐन घाईत तो आला. खोक्यातून बाहेर काढला तर शिंचा पाट्यासारखा जड. चालू केला तर पंखा मिक्सरसारखा घरघरायला लागला, आणि वायर काढली की जेवण होईतो मान टाकायचा. पण पडदा लख्ख होता, हे मान्य करतो. तिने तो दोन्ही हातांनी तोंडावर धरला. डोळे चमकले तिचे. हात थरथरायला लागले तरी सोडीना. "दिसतंय हो सगळं," म्हणाली, आणि तो हातांतून सुटला तो थेट नाकावर. रक्त आलं! मी फडकं ओलं करून आणलं, तर ती डोळ्यांतून पाणी काढत होती. नाकासाठी नव्हे, एवढं मला कळलं.

मी खळ्यात जाऊन उभा राहिलो. संताप असा की तो संगणक विहिरीत टाकावा. भिंतीला झेला टेकून ठेवलेला होता. झेला म्हणजे आंबा उतरवायची लांब काठी. टोकाला लोखंडी कडं, कड्याला जाळी, वरती पातं. देठ कापला की आंबा जाळीत पडतो, आणि कुणाला तो हाताने पेलावा लागत नाही, भार कडं घेतं. हे सगळं मी जन्मभर करत आलोय. त्या दिवशी मी त्या कड्याकडे नुसता बघत राहिलो.

ऐन हंगामात चांगला झेला मोडणारा मी रत्नागिरीतला पहिलाच असेन. पातं काढलं, काठी काढली, कडं आणि जाळी घेतली. जाळीला मधोमध कापून खिडकी केली. संगणक तिच्यात पालथा घातला, चारी कोपरे सुतळीने कड्याला बांधले, खाली पडणार नाही अशा गाठी मारल्या. माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी आहे, मुलीचा पाळणा तिला टांगलेला असायचा. त्या कडीतून दोर घेतला आणि ओढत ओढत तो तिच्या तोंडासमोर आणला. "अजून खाली. थोडा वर. बास!" ती म्हणाली. तिने हात वर केले आणि नुसती बोटं बटणांवर ठेवली. भार सगळा तुळईवर. बोटं मात्र मोकळी.

मी वायर लावली. घरघर सुरू झाली. मग आवाज आले.

"काकू? काकू आल्या! अरे, काकू आल्या!" लोट्याचा तो पठ्ठ्या रडत होता की हसत होता, देव जाणे. सगळे एकदम बोलायला लागले.

"गप्प बसा! एकेकाने बोला!" माझी बायको गरजली. अख्खा वर्ग चिडीचूप. "पूर्वेचा दरवाजा कोणी उघडा टाकला?"

मी दाराला टेकून उभा होतो. ही बाई माझ्या घरात राहते आणि तिचा असा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकत होतो. आमटीवरून बोलते तो आवाज वेगळा.

खेळ संपल्यावर लोट्याच्या पोराने मला विचारलं, "काका, कसा आहे हो? मी पण घेऊ का असा?"

"तुझी पाठ धड आहे ना?" मी म्हटलं. "तुळईला कडी आहे? घरात झेला आहे? नाही ना? मग बाजारातला तयार घे, हातात धरून बघ, आणि गप्प बस."

मी दोर सैल करायला गेलो, तर तिने माझं मनगट धरलं. जाळीतून उजेड तिच्या तोंडावर पडला होता, नाक सुजलेलं.

"धरलं हो फळ," ती म्हणाली.

"कसलं धरलं? घरघरतोय बघ कसा. चार्जिंगसुद्धा टिकत नाही."

"मी संगणकाचं नाही बोलत्येय," ती म्हणाली, आणि मग, "दुपारच्या आमटीत मीठ जास्त होतं."