फोटोत पट्टा नव्हता

मागून गाडी धडकली तेव्हा माझ्या मांडीवर अकरा साड्या होत्या. रामटेकला राहणाऱ्या मोठ्या नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्या साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं मी कबूल केलं होतं. शहरातल्या नंदनवन वस्तीत घरीच माझं शिलाई मशीन आहे, वीस वर्षं तेच काम. रामटेकहून परतताना शहरात शिरल्यावर पहिल्याच सिग्नलला नवऱ्याने गाडी थांबवली आणि मागची मोठी गाडी थांबलीच नाही. माझी मान मागे गेली, पुढे आली, साड्या पायाशी पडल्या. त्या गाडीतल्या गृहस्थाने उतरून आधी स्वतःचं बंपर पाहिलं, मग आमचं, आणि मग मला विचारलं, काही लागलं का? मी म्हणाले, नाही, काही नाही. बायकांच्या तोंडात हे उत्तर तयारच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशीवरून डोकं उचलेना. डॉक्टर म्हणाले, याला व्हिपलॅश म्हणतात. झटक्याने मानेचे आतले स्नायू ताणले गेलेत, हाड शाबूत आहे, त्यामुळे एक्स-रेमध्ये काही दिसणार नाही. त्यांनी गळ्यात पट्टा बांधला आणि मान खाली घालून काम करायचं नाही म्हणून बजावलं. पिको वर बघून कसं करतात, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

पोलिसांत तक्रार झाली, त्या गाडीच्या विमा कंपनीवर भरपाईचा दावा लावला. कंपनीने लोक अदालतीत तडजोडीची रक्कम सांगितली, ती ऐकून मला हसू आलं. तेवढ्या पैशांत मानेच्या व्यायामाचीही फी निघत नव्हती. त्यांचा अधिकारी म्हणाला, "बाई, एक्स-रे तर नॉर्मल आहे," आणि त्याने एक्स-रेचं पाकीट दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. माझे स्वतःचे वकीलही म्हणाले की घेऊन टाका, कोर्टाच्या पायऱ्या झिजवण्यात अर्थ नाही. मला पैसे हवेच होते, ते मी कशाला लपवू? मशीन बंद होतं, गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जायला लागली होती. पण ती दोन बोटं माझ्या डोक्यात गेली. सही करणार नाही, मी म्हणाले.

इकडे नणंद फुगून बसली. अकरा साड्या तशाच परत गेल्या, तिला बाहेरून काम करून घ्यावं लागलं. भावजयीने काम टाळायला गळ्यात पट्टा घातला, असं तिने चार नातेवाइकांत बोलूनही दाखवलं. लग्नात मी पट्टा घालूनच गेले. स्टेजवर फोटोची वेळ आली तेव्हा ती माझ्याजवळ आली. "तुह्या गळ्यात मंगळसूत्रच दिसत नाही वं," ती म्हणाली. "लोक काय म्हणतीन? काढ तो पट्टा, पाच मिनिटाचं काम हाये." लग्नघरात कटकट नको म्हणून मी काढला. तिने तो स्वतःच्या पर्समध्ये ठेवला आणि मी अर्धा तास तशीच उभी राहिले. फोटो छान आला. मंगळसूत्र छान दिसतं त्यात.

तोच फोटो वर्षभराने कंपनीच्या वकिलाने कोर्टात काढला. लग्नानंतर कुणीतरी फेसबुकवर टाकला होता म्हणे. त्याने विचारलं, ही तुम्हीच ना? हो. गळ्यात पट्टा आहे? नाही. हसताय ना? मी म्हणाले, लग्नाच्या फोटोत रडायचं असतं का? माझ्या वकिलांनी डोळे मिटले. त्यांनी मला हो किंवा नाही एवढंच बोलायला शिकवलं होतं. पट्टा नणंदेने काढायला लावला, असं मी सांगितलं, तेव्हा तो वकील म्हणाला की सोयीचं उत्तर आहे. बाहेर आल्यावर माझे वकील म्हणाले, आता फक्त तुमच्या नणंदेने येऊन सांगितलं तरच काही होईल.

नवऱ्याची बहिणीला विचारायची हिंमत होईना. म्हणून मी एकटी बसने रामटेकला गेले, पट्टा घालून. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी सरळ सांगितलं, "ताई, तुम्ही आला नाहीत तर मी खोटी ठरेन. मग तुम्ही मला खोटारडी म्हटलं तेच खरं होईल." तिने सूप खाली ठेवलं नाही, हो किंवा नाही म्हणाली नाही. मग उठून चहा तेवढा दिला. परतताना बसमध्ये मला रडू आलं आणि रडताना मान दुखते, म्हणून रागही आला.

तारखेच्या दिवशी ती कोर्टाच्या फाटकाशी उभी होती, लग्नातलीच साडी नेसून. माझ्यापुढून सरळ आत गेली. साक्षीला उभी राहिली आणि न्यायाधीशांकडे बघून सांगू लागली.

"साहेब, पट्टा मीच काढाले लावला. तिच्या डोयात पाणी आलं होतं, तं मी म्हटलं, नाटक करून राहिली. पट्टा माह्या पर्समध्ये होता."

कंपनीच्या वकिलाने विचारलं, भावजयीसाठी खोटं बोलताय?

"खोटं बोलाचं असतं तं माह्यावर काहून घेतलं असतं?" ती म्हणाली. "सगळ्या नातेवाइकांत मीच तिले खोटी म्हटलं होतं. विचारा कोणालेही."

तो फाइल मिटून खाली बसला.

निकाल लागला. फोटोवरून दुखापत नव्हती असं म्हणता येणार नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. ते वाक्य मी वकिलांकडून दोनदा वाचून घेतलं. उपचाराचा खर्च आणि वेदनेचे पैसे पूर्ण मिळाले. कामाच्या नुकसानीचे मात्र अगदी थोडे. पिकोच्या कामाची पावती नाही, आणि अर्जदार गृहिणी असून फावल्या वेळात शिवणकाम करते, असं लिहिलं होतं.

वकील म्हणाले, जिंकलात, पेढे वाटा. नवराही म्हणाला की आता पुरे. नणंद बाकावर बसून ऐकत होती. तिने मला विचारलं, "फावल्या वेळात? तू तं सकाळी आठपासून बसत होती ना वं मशीनवर?"

मी हो म्हणाले.

"मंग हे कोणं लिहिलं?"

मी वकिलांना अपिलाची मुदत विचारली. ते नवऱ्याकडे बघायला लागले, तेव्हा मी म्हणाले, त्यांच्याकडे नका बघू, दावा माझा आहे.