पत्त्यामागे चार रुपये

व्यवहाराची अक्कल वाटली जात होती तेव्हा आमचे साडूभाऊ बहुधा मालधक्क्यावर ड्युटीला असावेत. रायपुरात मूर्ख दुकानदारांची वाण नाही, पण तोटा इतक्या शिस्तीत करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रेल्वेत मालबाबू म्हणून उभं आयुष्य काढलं, निवृत्त झाले आणि फंडाच्या पैशातून बुढापारा भागातल्या गल्लीत टाकलं काय, तर पत्त्यांच्या खेळांचं दुकान. रमी-तीनपत्तीचे पत्ते नव्हेत; राक्षस, जहाजं, मसाल्याचे व्यापारी असली चित्रं छापलेले, पुठ्ठ्याच्या डब्यातून येणारे नव्या तऱ्हेचे खेळ. बंगळुरूला नोकरी करणारा मुलगा एकदा सुट्टीत तसला एक डबा घेऊन आला होता. मुलगा चार दिवसांनी परत गेला, डबा आणि वेड इथंच राहिलं.

या धंद्याची रीत सगळीकडे एकच. मूळ डबा स्वस्तात द्यायचा, चटक लावायची, आणि मग एक्स्पान्शन, म्हणजे त्याच खेळात भर घालणारा चाळीसेक पत्त्यांचा पुरवणी डबा, अव्वाच्या सव्वा भावानं गळ्यात मारायचा. रीत लबाडीची आहे खरी, पण तिच्यावर दुकानं चालतात. साडूभाऊंना मात्र तिच्यात घोर अन्याय दिसला. "पहिल्या पोत्याले एक भाडं अन् दुसऱ्याले दुप्पट, असं आपन कधी केलं नाही," ते मला म्हणाले. "मंग पत्त्याले काहून करू?" आणि त्यांनी दर ठरवला: पत्त्यामागे चार रुपये. मूळ असो की एक्स्पान्शन, चांगला खेळ असो की भिकार, पत्ते मोजायचे आणि चारनं गुणायचं. भाजीवाल्यालासुद्धा कोथिंबीर आणि भोपळा एका भावानं विकू नये हे कळतं.

बरं, डब्यावर छापलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा, तर तेही नाही. एका बाईंना भाच्याच्या वाढदिवसासाठी डबा हवा होता. साडूभाऊंनी चाकूनं त्याचं प्लास्टिक कापलं आणि काउंटरवर पत्ते मांडायला सुरुवात केली. "भैया, गिफ्ट देना है," बाई कळवळून म्हणाल्या. "गिफ्ट में कम निकले तो, दीदी?" डब्यावर एकशे दहा लिहिलं होतं, भरले एकशे अकरा. जास्तीचा पत्ता कंपनीची जाहिरात होती, तरी तिचेही चार रुपये लागले. बाई पुन्हा त्या गल्लीत दिसल्या नाहीत.

कॉलेजच्या पोरांना या दराची मेख कळायला एक आठवडासुद्धा लागला नाही. अडीचशे पत्त्यांचा मूळ डबा इथं हजाराला पडायचा, ऑनलाइन आठशेत मिळायचा; तो ते ऑनलाइन मागवायचे. भनपुरीच्या गोदामातून साडूभाऊ जी पाचशेला उचलत, ती चाळीस पत्त्यांची एक्स्पान्शन मात्र इथं एकशे साठला होती. ती घ्यायला झुंडीनं यायचे. आणलेला डबा तिथंच बाकांवर उघडायचे आणि संध्याकाळभर खेळायचे. अडलेला नियम साडूभाऊच समजावून सांगणार, वर चहाही हेच पाजणार. "पाहा, दुकान कसं चालून राहिलं," असं ते मला अभिमानानं दाखवत, तेव्हा मला हसावं की कपाळ बडवावं कळत नसे.

शेवटी माझी मेहुणी, म्हणजे त्यांची बायको, शंकर नगरला आमच्या घरी येऊन रडली. "भाऊ, तुमीच सांगा त्यायले. फंड सरला तर या वयात पोराकडं हात पसरा लागीन." मी कागदावर सगळा हिशोब मांडला आणि दुकानात जाऊन त्यांच्यापुढे ठेवला. ते शांतपणे वाचत राहिले.

"हे मले कळत नाही असं वाटते का तुमाले?" ते म्हणाले. "पन मूळ डबा मानूस एकदाच नेते, भाऊ. एक्स्पान्शनसाठी वापस येते. तेच महाग केलं तर कोन काहून येईन?"

"हे दुकान आहे की धर्मशाळा?" मी तडकून विचारलं. त्यावर होकारार्थी मान हलवून ते फक्त "हव" म्हणाले. सोमवारपासून त्यांनी जगाच्या रीतीनं भाव लावले.

माझा सल्ला बिनचूक निघाला. तोटा थांबला, मेहुणीला झोप लागू लागली. पोरं आता दोन्ही डबे ऑनलाइन मागवतात आणि कुणाच्या तरी खोलीवर खेळतात. कधीमधी कुणी वाट चुकल्यासारखा येतो, छापील किंमत देतो आणि निघून जातो. मोजायला सांगत नाही, बसतही नाही. आयुष्यात इतका बरोबर सल्ला मी कुणाला दिला नव्हता, आणि इतका पस्तावाही मला कधी झाला नव्हता.

गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा साडूभाऊ रिकाम्या बाकांवरची धूळ पुसत होते. मी जहाजांच्या खेळाची एक्स्पान्शन मागितली. छापील किंमत नऊशे होती. त्याचा मूळ डबा माझ्याकडे नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी डबा काढून दिला, पैसे घेतले आणि म्हणाले, "बसा थोडं."