कबुलीची उजळणी

व्हर्ना हॅस्केट ही केंटकीतल्या आमच्या डोंगराळ काउंटीची सरकारी बचाव वकील. ज्यांना वकील परवडत नाही, त्यांच्या बाजूने ती सव्वीस वर्षे उभी राहिली. त्यातले फार थोडे खटले ज्यूरीपुढे गेले. बाकीचे न्यायालयाच्या मागच्या जिन्यावर, सरकारी वकिलाशी घासाघीस करून मिटले. मी तिच्या कचेरीत कारकून होतो. कोडी मेबरीच्या खटल्याइतका तिला जड गेलेला दुसरा मला आठवत नाही.

कोडी तेवीस वर्षांचा. त्याचा चुलतभाऊ पेट्रोल पंपावरच्या दुकानात शिरला, दुकानदाराला गोळी घालून बाहेर आला. कोडी तेवढा वेळ गाडीत बसून होता. लुटीचा बेत ठाऊक असेल, तर आमच्या कायद्याने तोही खुनीच. चुलतभाऊ आधी म्हणाला, कोडीला काही माहीत नव्हते. स्वतःची शिक्षा कमी होताच त्याने जबानी फिरवली.

“गुन्हा कबूल केला तर वीस वर्षं,” सरकारी वकील डॉइल स्टॅम्पर म्हणाला.

“तुझा साक्षीदार दोन तोंडांनी बोलतो, डॉइल. ज्यूरीला दोन्ही ऐकवीन.”

“ऐकव की! आणि जन्मठेप झाली की त्याच्या आईला तूच कळव.”

तीन दिवसांनी डॉइल बारा वर्षांवर आला. मुदत शुक्रवार दुपारपर्यंत.

अडचण निराळीच होती. ‘मी निर्दोष आहे, पण शिक्षा मान्य’ असली कबुली न्यायाधीश टॅकेट घेत नसत. आरोपीने गुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगायला हवा. म्हणून व्हर्ना तुरुंगात जाऊन प्रत्येक अशिलाकडून उजळणी करून घेई. न्यायाधीश ती स्वतः होई.

“लूट होणार हे तुला ठाऊक होतं?”

“नव्हतं, मिस व्हर्ना. तो सिगारेट आणायला गेलाय असंच वाटलं मला.”

“मग सोमवारी खटला उभा राहील.”

“म्हणजे खोटं बोलू?”

“तसं मी सांगू शकत नाही.”

“मग हे शिकवताय काय मला?”

व्हर्नाने कागद मिटले. “जन्मठेप म्हणजे काय आणि बारा वर्षं म्हणजे काय, एवढं मी सांगितलंय. पुढचं तुझ्या हातात.”

शुक्रवारी न्यायालयात कोडीची आई पहिल्या बाकावर होती, चर्चला जायच्या पोशाखात. टॅकेटसाहेबांनी तोच प्रश्न विचारला. कोडीने व्हर्नाकडे मान वळवली.

“तिच्याकडे नको, पोरा. माझ्याकडे बघ.”

व्हर्नाची नजर कागदांवर होती.

“ठाऊक होतं, साहेब.”

“हे तुला कुणी पढवलं?”

“नाही, साहेब.”

मागून आवाज आला, “कोडी! मला तर तू नाही म्हणाला होतास…” शिपाई पुढे झाला, पण आई आपण होऊनच उठली आणि बाहेर गेली.

कोठडीकडे नेताना कोडी व्हर्नाजवळ पुटपुटला, “आईला खरं काय ते सांगाल?”

खरे काय, ते व्हर्नालाही ठाऊक नव्हते. शिवाय अशिलाचे बोलणे बाहेर काढायची तिला मुभा नव्हती. ती न्यायालयाच्या आवारात गेली तेव्हा मिसेस मेबरी गाडीला टेकून उभ्या होत्या.

“तो सुटेल तेव्हा पस्तीस वर्षांचा असेल,” व्हर्ना म्हणाली.

“त्याला ठाऊक होतं का, एवढंच सांगा.”

“त्याने न्यायालयात सांगितलंय, मिसेस मेबरी.”

“ते मी ऐकलं. तुम्हाला विचारतेय.”

व्हर्नाने नजर हातातल्या कागदांवर नेली. मिसेस मेबरी बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत राहिल्या, मग गाडीत बसल्या आणि दार ओढून घेतले.