उघड्या काचेतला चेहरा

कवळ्या करणाऱ्या त्या बाईंना गावाबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर सगळे ‘जाळीवाल्या ताई’ म्हणत. रविवार उजाडला की ताई गळ्यात कॅमेरा अडकवून तिथल्या तारेच्या जाळीला नाक लावून उभ्या. एरवी आठवडाभर त्या एका तळमजल्यावरच्या खोलीत बसून लोकांचे दात घडवायच्या. समोर प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, बारीक कोरण्या, आणि फळीवर ओळीनं मांडलेले जबडे. ज्याची कवळी करायची त्याचं तोंड त्यांना पाठ व्हायचं. माणूस मात्र कधी दिसायचा नाही.

धावपट्टीवर एक जुनं लढाऊ विमान होतं. मोठ्या युद्धातलं, एकाच माणसाला बसता येईल एवढं, शेपटी खाली आणि नाक वर करून बसलेलं. काही हौशी मंडळींनी कुठून कुठून सुटे भाग गोळा करून, कित्येक वर्षं खपून ते उडतं ठेवलं होतं. ते उडवायचे एक निवृत्त औषधविक्रेते. त्यांना सगळे काका म्हणत.

इंजिन सुरू होताना आधी खोकायचं. मग निळसर धुराचा एक लोट सोडायचं. आणि मग आवाज असा मोकळा व्हायचा, की तो कानांत न येता थेट फासळ्यांत येऊन बसायचा. त्या वेळी आपले पाय जमिनीवर आहेत की नाहीत, हे ताईंना कळायचं नाही. ढगाच्या कडेशी विमान कलतं व्हायचं, पंखावरून उन्हाचा एक थेंब या टोकापासून त्या टोकापर्यंत ओघळत जायचा, आणि खालचं गवत, जाळी, स्वतः ताई, सगळंच कुणाच्या तरी झोपेत चालल्यासारखं वाटायचं.

फोटोच्या बाबतीत ताई फार हट्टी होत्या. शटर जलद ठेवलं तर विमानाच्या नाकावरच्या पंख्याची पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. ते त्यांना मुळीच खपायचं नाही. शटर मंद ठेवायचं आणि विमानाबरोबर कमरेतून सावकाश वळत जायचं, ही त्यांची रीत. त्यात बहुतेक फोटो वाया जायचे. पण एखादा असा जमून यायचा, की पंख्याच्या जागी नुसतं धुक्याचं वर्तुळ, आणि त्याच्यामागे स्वच्छ, झळझळीत विमान.

त्यातला एकही फोटो घरात लावलेला नव्हता. घरी ताई आणि त्यांचे वडील, दोघंच. बाबांचं लहानपण युद्धात गेलेलं. टीव्हीवर विमानाचा आवाज आला तरी ते उठून आत जायचे. म्हणून ताई रविवारी “मावशीकडे जाऊन येते,” अशी थाप मारायच्या. “मावशीला विचारलंय म्हणून सांग,” बाबा म्हणायचे. मावशीची वेगळीच तक्रार होती. “तुझ्या पायी मला रविवारी तुमच्याकडे फोन करायची चोरी झालीय.”

एका दुपारी ताई सुट्टी घेऊन घरी होत्या. बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. त्या दिवशी बाजाराच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं आणि काकांना गावावरून फेरी मारायला बोलावलं होतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं. आवाज आला. ताईंनी सवयीनं खिडकीतून वर पाहिलं. मागे वळल्या तेव्हा बाबा खुर्चीत नव्हते. मटार जमिनीवर घरंगळत होते आणि बाबा टेबलाखाली गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

 ताईही वाकून आत शिरल्या. बाबांनी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

“गेलं, बाबा.”

“परत येतं. वळून परत येतं ते.”

आणि खरंच परत आलं. कपबशा किणकिणल्या. ज्याच्यावर इतकी वर्षं जीव टाकला तो आवाज ताईंनी पहिल्यांदाच खालून, टेबलाच्या फळीखालून ऐकला. तो हळूहळू विरला, तरी दोघंही तिथेच बसून राहिली. मग बाबा बोलायला लागले.

“मी शेताच्या कडेला होतो. सहा-सात वर्षांचा. ते इतकं खाली आलं की गवत आडवं झालं. वैमानिकाच्या डोक्यावरची काच सरकवलेली होती. मला त्याचा चेहरा दिसला, पोरी. तोंड उघडं होतं. गात होता बहुतेक.”

“गात होता?”

“किंवा मला ओरडून सांगत असेल, पळ म्हणून. ते काही अजून ठरत नाही. पुढे जाऊन त्यानं स्टेशनावर गोळ्या झाडल्या. मला मात्र सोडलं.”

मग बाबाच म्हणाले, “तुझे फोटो दाखव.”

ताई जमिनीवरचे मटार वेचायला लागल्या.

“कोटाला पेट्रोलचा वास येतो तुझ्या. मावशी काय पेट्रोल पिते?”

ताईंनी फोटोंचं खोकं टेबलावर आणून ठेवलं. बाबांनी एकेक फोटो हाताच्या अंतरावर धरून पाहिला. “सुंदर आहेत,” ते नाइलाजानं बोलावं तसं बोलले. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले. “पण यात माणूस कुठाय?”

माणूस नव्हता. काचेमागे प्रत्येक वेळी एक पुसटसा डाग होता. इतक्या वर्षांत ताईंच्या ते ध्यानातच आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी त्यांनी काकांना गळ घातली. “वरची काच सरकवून जाळीजवळून एकदा जाल का?” काका गेले. ताईंनी मन घट्ट करून शटर जलद ठेवलं. फोटो त्यांच्या दृष्टीनं फसला होता. पाती थिजलेली, विमान अगदी खेळणं. पण चेहरा लख्ख आला होता, आणि तोंड उघडं. खालचा जबडा सैल, ओठ गोल. तोंडं वाचण्यातच ताईंचं आयुष्य गेलं होतं.

“काका, तुम्ही गात होता?”

काका कानापर्यंत लाल झाले. “दिसलं का? वर कुणाला ऐकू जात नाही म्हणून गातो. मला स्वतःलाही येत नाही ऐकू, ते एक बरं.”

“सगळेच गातात?”

“दुसऱ्याचं कसं सांगू? आत जागा एकालाच. पण त्या आवाजात माणूस फार एकटा पडतो, ताई. मग काहीतरी करतो.”

ताईंनी त्यांना टेबलाखालची हकीकत सांगितली. काकांनी पंखावर हात ठेवला. “पोरगेलाच असणार तो,” एवढंच म्हणाले.

बाबांनी तो फोटो खिडकीशी नेऊन भिंगातून पाहिला.

“हा म्हातारा आहे.”

“हो.”

“त्याला मिशी नव्हती.”

“काका गातच होते, बाबा. मी विचारलं.”

बाबांनी भिंग खाली ठेवलं. “मग तोही गात होता असं धरू,” ते म्हणाले. “आता कुठे त्याला विचारायला जाऊ?”

पानगळ सुरू झाल्यावर एका रविवारी बाबा स्वतःहून गाडीत येऊन बसले. धावपट्टीपाशी मात्र उतरले नाहीत. काचा बंद, कानांत कापूस. ताईंनी कॅमेरा मागच्या सीटवर ठेवला आणि त्यांच्या शेजारी बसून राहिल्या. विमान डोक्यावरून गेलं तेव्हा बाबांनी मान खाली घातलीच. मग एका कानातला कापूस काढला आणि काच बोटभर खाली केली. आवाज दूर, मऊ होत चालला होता. विमान ढगाकडे निघालं, लहान झालं, ठिपका झालं. दोघंही एकटक पाहत होती, तरी ते दिसेनासं नेमकं कधी झालं हे दोघांनाही सांगता आलं नसतं.